'अ फेअरवेल टू आर्म्स'मधला पाऊस: फक्त मरणाचं चिन्ह?

वाचनवेडी_दादर
आमच्या दादरच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात हेमिंग्वेच्या या पहिल्या महायुद्धातल्या इटलीवरच्या कादंबरीवर (१९२९) मला २० मिनिटं बोलायचंय. विषय: तिच्यातलं हवामान. जिथे बघावं तिथे 'पाऊस म्हणजे मृत्यू' एवढंच वाचायला मिळतं. नायिका कॅथरीन स्वतः तिच्या प्रियकराला, इटालियन सैन्यात रुग्णवाहिका सांभाळणाऱ्या फ्रेडरिकला, सांगते की पावसात तिला कधी ती स्वतः मेलेली दिसते, कधी तो. म्हणजे पुरावा आहेच, पण तेवढ्यावर २० मिनिटं कशी काढणार? कुठल्या प्रसंगांवर भर देऊ?

पागोळी
पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करा. जेमतेम दोन पानांचं आहे, सरळ मोठ्याने वाचून दाखवा. पावसात सैनिक रस्त्याने चाललेत. अंगावर ओले झगे, आणि झग्याखाली पट्ट्याला पुढच्या बाजूला काडतुसांच्या दोन चामडी पेट्या. त्यामुळे झगे पुढून फुगलेत आणि माणसं सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखी दिसतायत. पाऊस, दारूगोळा आणि गरोदरपण, तिन्ही एका वाक्यात! कॅथरीन अजून गोष्टीत आलेलीही नाही आणि ती कशाने जाणार हे इथे लिहून ठेवलंय. लगेच पुढे, हिवाळ्याच्या तोंडावर पाऊस लागून राहतो, कॉलरा येतो आणि सैन्यात 'फक्त' सात हजार माणसं मरतात. त्या 'फक्त'वर थांबा. निवेदक, म्हणजे फ्रेडरिक, पुढेही असाच बोलणार आहे, आवाज न चढवता.

शेवटच्या प्रकरणाशी हे जोडताना मात्र एक पाहा. कॅथरीन पावसात मरत नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या इस्पितळात, कोरड्या खोलीत, सिझेरियननंतरच्या रक्तस्रावाने जाते. मूलही मृत जन्मतं. पावसातून चालत हॉटेलवर जातो तो फ्रेडरिक. म्हणजे तिला दिसलं होतं ते हुबेहूब खरं होत नाही.

उलटी_छत्री
'पाऊस म्हणजे मृत्यू' हे समीकरण मला आळशीपणाचं वाटतं. प्रकरण ३६-३७ काढा. फ्रेडरिक सैन्यातून पळालाय, दोघं इटलीतल्या स्ट्रेझाच्या हॉटेलात आहेत. वादळी रात्री बारमन दार ठोठावतो: सकाळी अटक होणार आहे, होडी तयार आहे. लागो माज्जोरे सरोवरातून सुमारे ३५ किलोमीटर वल्हवत स्वित्झर्लंड गाठायचं. वारा पाठीमागून, म्हणजे त्याच खराब हवेमुळे ते पोचतात. फ्रेडरिक तर छत्री उघडून तिचं शीड करतो. थोडा वेळ होडी छान पळते, मग छत्री उलटी होऊन मोडते. स्वित्झर्लंडमध्ये ब्रिस्सागोला उतरल्यावर बारीक पाऊस असतो आणि त्या पावसाला चक्क आनंदी पाऊस म्हटलंय, इटलीत असा नव्हता म्हणून. पावसाची भीती असलेल्या बाईसमोर! हा प्रसंग वगळून बोललात तर गटातला कुणीतरी नक्की पकडेल.

नकाशावाला
दोघांचंही बरोबर, पण मधला भाग राहिला. कापोरेत्तोची, म्हणजे इटालियन सैन्याची, माघार चिन्ह म्हणून वाचण्याआधी यंत्रासारखी वाचा. खरा हल्ला २४ ऑक्टोबर १९१७ चा, धुकं आणि पावसातला. कादंबरीत फ्रेडरिकच्या रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावरच्या रांगेत अडकतात. फ्रेडरिकचा हिशेब असा की पाऊस थांबला तर विमानं येऊन या रांगेचा फडशा पाडतील. म्हणजे आत्तापर्यंत पाऊसच त्यांना वाचवतोय. तो गाड्या आडरस्त्याला घेतो आणि तिथे तोच पाऊस घात करतो. चाकं चिखलात रुततात, चाकांखाली घालायला झाडोरा तोडायला सोबतचे सार्जंट नकार देऊन चालू पडतात, फ्रेडरिक एकावर गोळी झाडतो. मग पायपीट. त्याच्या एका ड्रायव्हरला, आयमोला, आपल्याच इटालियन सैनिकांची गोळी लागते. तालियामेंतो नदीच्या पुलावर इटालियन लष्करी पोलीस माघारी येणाऱ्या अधिकाऱ्यांना बाजूला काढून गोळ्या घालतायत आणि फ्रेडरिक नदीच्या पुराच्या पाण्यात उडी मारून सुटतो. चिखलापासून पुरापर्यंत प्रत्येक दुवा पावसानेच घडवलाय, म्हणून हे चिन्ह वरून चिकटवल्यासारखं वाटत नाही.

हेमिंग्वे इटलीत पोचला तो जून १९१८ मध्ये. ही माघार त्याने पाहिलेली नाही. हे आवर्जून सांगा.

पागोळी
बर्फ विसरू नका. दुसऱ्या प्रकरणात बर्फ पडू लागतं आणि त्या वर्षीची लढाई थांबते. शेवटच्या भागात स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोजवळ नाताळच्या तीन दिवस आधी बर्फ येतं आणि त्या हिवाळ्यात दोघं सुखात असतात. मार्चमध्ये पाऊस लागतो, बर्फाचा चिखल होतो आणि ती खाली लोझानला जातात. समीक्षक कार्लोस बेकरची 'डोंगर चांगला, सपाटी वाईट' ही मांडणी (१९५२) इथे नीट बसते, सगळीकडे नाही. दोन मिनिटांत उरका.

नकाशावाला
मुंबईकर श्रोत्यांसाठी सुरुवातीलाच ऋतू सांगा. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये उकाड्यावर उतारा म्हणून येतो, मागे 'मेघदूत' उभं असतं. इथला पाऊस बहुतेक शरदातला, गार, पानगळीनंतरचा. हे सांगितलं नाही तर लोक प्रेमप्रसंगांतल्या पावसाला श्रावणसरी समजून बसतील.

आणि तयारीसाठी एक. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. हेमिंग्वे १९६१ मध्ये गेला, म्हणजे २०२२ पासून पुस्तक मुक्त आहे. इंग्रजी ई-प्रतीत 'रेन' शोधताना 'पूर्ण शब्द' हा पर्याय लावा, नाहीतर 'ट्रेन' आणि 'ब्रेन' पण मोजले जातील. पण तो लावला की 'रेनकोट' आणि 'रेनिंग' सुटतात, ते वेगळे शोधा. धुकं, चिखल आणि वारा यांचाही वेगळा शोध घ्या. मग चार रकाने करा: प्रकरण, हवा कशी, हवेने प्रत्यक्ष काय केलं, त्यानंतर काय घडलं. तिसरा रकाना रिकामा राहिला ते प्रसंग भाषणात घेऊ नका.