मदत हवी आहे : लेझर एनग्रेव्हर काम अर्ध्यात सोडून थांबतो

मंडळी, लाकडावर नक्षी जाळून कोरायला हौसेखातर घेतलेला ५ वॉटचा डायोड लेझर आहे, निळ्या किरणांचा. मशीन हलवणाऱ्या बोर्डावर (कंट्रोलरवर) जीआरबीएल १.१ ही प्रणाली, लॅपटॉपवरून त्याला फाइल पाठवणारं सॉफ्टवेअर लेझरजीआरबीएल. आठ महिने कुरकूर नव्हती.

बायकोच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून ३ मिमी एमडीएफचे कोस्टर करायला घेतलेत. एका शीटवर सहा, साधारण ५० मिनिटांचं काम. आता कधी बाराव्या मिनिटाला, कधी पस्तिसाव्याला डोकं जागच्या जागी थबकतं. पडद्यावरचा टक्का गोठतो. परवा थांबला तेव्हा किरण चालूच राहिला. मी चहा गाळत होतो, जळका वास आला म्हणून धावलो, तर कोस्टरला आरपार भोक आणि कडेला बारीक निखारा. पुन्हा कनेक्ट करावं तर कंट्रोलर रीसेट होतो. होमिंगचे स्विच (डोक्याला सुरुवातीची जागा ओळखून देणारे) नाहीत, त्यामुळे आधीची जागा सापडत नाही आणि शीट वाया जाते.

फाइल बदलली, यूएसबी ड्रायव्हर पुन्हा टाकला, मित्राचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावून पाहिला. फरक शून्य. बोर्ड गेला म्हणायचा का? संक्रांत तोंडावर आलीय हो!

प्रतिसाद १
बोर्डाचं नंतर बघू. आधी मशीन चालू असताना खोली सोडणं बंद करा, चहा राहिला तर राहिला. दुसरं, फाइलमध्ये किरण चालू करायची आज्ञा एम३ आहे का? त्याऐवजी एम४ घ्या आणि जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये डॉलर ३२ ($32, म्हणजे लेझर मोड) ची किंमत १ ठेवा. एम४ मध्ये हालचाल थांबली की किरणही बंद होतो. संपर्क तुटला तरी निदान भोक पडायचं नाही.

प्रतिसाद २
दर वेळी वेगळ्या जागी थांबतो म्हणजे फाइल निर्दोष. थांबतो त्या क्षणी लॅपटॉप 'टुंग' करतो का? करत असेल तर यूएसबीचा संपर्क तुटतोय. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) असतं, ते बंद करा. आवाज न होता खालच्या लॉगमध्ये जीआरबीएलची सुरुवातीची ओळ मध्येच पुन्हा उमटली असेल, तर कंट्रोलर स्वतःच रीसेट होतोय. मग वीजपुरवठा तपासायचा.

धागाकर्ता
एम४ केलं, डॉलर ३२ शून्यच होतं! सस्पेंड बंद केलं तरी आज सतराव्या मिनिटाला 'टुंग'. केबल ३ मीटरची आहे, मशीन गॅलरीत असतं म्हणून घेतलेली.

प्रतिसाद ३
मशीनच्या ॲल्युमिनियम फ्रेमला हात लावल्यावर मुंग्या येतात का?

धागाकर्ता
येतात! पावसाळ्यापासून. मला वाटलं दमटपणामुळे असेल.

प्रतिसाद ३
दमटपणा नाही, अर्थिंग. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडी गळती असते. प्लगला अर्थ मिळाला नाही की ती यूएसबीच्या केबलवरून फ्रेमपर्यंत पोचते. त्यात त्याच लाइनवर एखादी मोटर सुरू झाली की झटका बसतो आणि यूएसबी मान टाकते. चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. लेझरची पॉवर शून्य ठेवा म्हणजे शीट फुकट जाणार नाही. आणि ती लांबलचक केबल बदला. मीटरभराची, शील्ड (आतून धातूचं आवरण) असलेली, टोकाला फेराइटचा गोळा (विजेचा गोंगाट अडवणारा) असलेली घ्या.

धागाकर्ता (दोन दिवसांनी)
बॅटरीवर तीनदा पूर्ण फाइल चालली. चार्जर लावून बसलो आणि कान फ्रिजकडे ठेवले. कॉम्प्रेसर खडखडला आणि त्याच क्षणी 'टुंग'! फ्रिज आणि गॅलरीतला बोर्ड एकाच लाइनवर आहेत. वायरमनला बोलावलं. त्याने फेज आणि अर्थमध्ये बल्ब धरला, तो पेटलाच नाही. बोर्ड उघडला तर हिरवी वायर कोपऱ्यात नुसती गुंडाळून ठेवलेली. घर बांधल्यापासून तशीच असणार. तिथून मुख्य बोर्डापर्यंत जोडून घेतली. मुंग्या गेल्या. केबलही एक मीटरची आणली, त्यासाठी टेबल दाराशी ओढावं लागलं.

काल चार्जर लावून, फ्रिज चालू ठेवून दोन शीट निघाल्या. बारा कोस्टर झाले, अठरा बाकी. स्टूल टाकून मशीनपाशीच बसतो. चहा आता बायको करते, टोमण्यासकट.

आता एकच विचारायचंय, एमडीएफच्या कडेची काजळी कशाने पुसता? ओल्या फडक्याने कडा फुगतात.