डिक्की दुसऱ्या टकपर्यंत जातच नाहीये, लॉक बदलू की डेंटरकडे जाऊ?

नमस्कार मंडळी, गाडीतलं मला फारसं कळत नाही, शब्द चुकला तर सांभाळून घ्या. आमच्याकडे २०१३ ची सात सीटर व्हॅन आहे. मी बारशा-मुंजीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते आणि गाडी जास्त करून त्याच कामाला, मागची सीट पाडायची आणि तिथे टोप, डबे, शेगडी सगळं कोंबायचं.

महिना झाला डिक्की नीट लागत नाही. म्हणजे आपटली की एक टक येतो, पण पूर्वी पाठोपाठ दुसरा टक यायचा तो येतच नाही. लांबून बघितलं तर लागल्यासारखी दिसते पण खाली फट राहते, उजवीकडे तर करंगळी जाते, आणि डॅशबोर्डवरची दार उघडं असल्याची लाल खूण विझत नाही. आतला दिवाही विझत नाही. एकदा तो रात्रभर चालू राहिला आणि सकाळी बॅटरी खलास, साठ माणसांची ऑर्डर होती, वरण गाडीत आणि गाडी जागेवर! शेजाऱ्यांच्या गाडीला केबल लावून कशीबशी चालू केली.

आत्तापर्यंत काय काय केलं ते सांगते. गंजाचा स्प्रे मारला, दोन दिवस बरं वाटलं मग परत तेच. मिस्टरांनी जोर लावून आपटून बघितली, त्याने फक्त नंबर प्लेटचा स्क्रू सैल झाला. सध्या सासूबाईंची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधून फिरतोय. खंबाटकी उतरताना मागून असा खडखडाट होतो की भांडी वाजतायत का डिक्की ते कळत नाही.

एक मेस्त्री म्हणाला लॉकच गेलंय, पूर्ण बदलावं लागेल, साडेचार हजार. दुसरा म्हणाला बॉडी वाकलीय, डेंटरकडे टाका. गाडी मागून कुठे ठोकलेली नाही हे मी छातीठोक सांगते. हां, दिवाळीआधी डिक्कीचं रबरी बीडिंग बदललंय, बाजारातलं साधं. आणि वर धरणारे दोन्ही शॉकर मेलेत, सामान काढताना मी लाटणं टेकवून ठेवते. आधी काय बघू?

जुना_पाना: ताई, साडेचार हजार खिशातच ठेवा. डिक्की उघडी असतानाच लॉकमध्ये बघा, आत एक पंजा दिसेल. जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि डिक्की बंद होताना खालच्या चौकटीवरची कडी जशी लॉकमध्ये शिरते तसा त्याने पंजा ढकला. दोन टक आले पाहिजेत. दोन्ही आले आणि पंजा तिथेच अडकून राहिला तर लॉक चांगलं आहे, दोष बाहेर आहे. पण मग हँडल ओढून पंजा परत उघडा आणि मगच डिक्की लावा, नाहीतर मिटलेला पंजा कडीवर आपटेल आणि खरंच लॉक बदलायची वेळ येईल. हे मी स्वतः करून बसलोय.

रिव्हर्स_गिअर: मला बीडिंगचा संशय आहे. बाजारातलं जाड असतं, आणि जोड लॉकच्या जवळ आला असेल तर डिक्की तिथेच अडते. ते हाताने ओढलं की निघतं, काढून एकदा डिक्की लावून बघा, पाच मिनिटांचं काम. कडेला रबराचे गोल ठोकळे असतात, तेही बघा, बऱ्याच गाड्यांत ते फिरवून आतबाहेर होतात. आणि दोरी बांधून लांब जाऊ नका हो, मागच्या फटीतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखायला लागलं तरी माणूस म्हणतो ऊन लागलं.

कोकणकडा७: ते लाटणं आधी पोळपाटावर पाठवा. निसटलं तर डिक्की सरळ मानेवर येईल. शॉकर जोडीनेच बदला, एकच बदललात तर डिक्की तिरकी ओढली जाते.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार, आज दुपारी मिस्टरांना घेऊन बसले. स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही टक अगदी स्वच्छ आले, म्हणजे लॉक ठणठणीत! बीडिंग काढलं तर जोर लावल्यावर डिक्की लागली, पण घासत. मग खालच्या कडीकडे नीट बघितलं. तिच्यावर ॲल्युमिनियमची चकचकीत रेघ होती, आणि कडी आतल्या बाजूला झुकलेली. कशाने, तर माझ्या टोपांनी. भरलेला मोठा टोप दोघांना उचलवत नाही म्हणून आम्ही तो कडीवरूनच आत सरकवतो, चार वर्षं झाली. मेस्त्री मंडळींना दोष देत होते आणि गुन्हेगार घरचाच निघाला.

आता कडी ठोकून सरळ करू का?

जुना_पाना: ठोकू नका, खालचा पत्रा वाकेल. कडी दोन बोल्टवर असते. आधी मार्करने तिच्या भोवती रेघ मारून घ्या, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. बोल्ट अर्धवट सैल करा, कडी किंचित बाहेर ओढा, घट्ट करा, हलक्या हाताने डिक्की लावून बघा. एका वेळी एखाद मिलिमीटर, जास्त नाही. बोल्टचं डोकं चांदणीसारखं असेल तर त्याचाच पाना आणा, दुसरं काही घालून झिजवू नका. कडी खरोखर वाकली असेल तर नवीनच टाका, पूर्ण लॉकपेक्षा बरीच स्वस्त पडते.

धागाकर्ती: झालं!! तिसऱ्या खेपेला दुसरा टक आला, लाल खूण विझली, सासूबाईंची दोरी परत गॅलरीत गेली. पंजावर पांढरं ग्रीस लावलं. कडीवर आता जुन्या पायपुसण्याची जाड घडी टाकूनच टोप सरकवतो, डिक्की लावायच्या आधी ती काढायची एवढं लक्षात ठेवायचं. शॉकरची जोडी शनिवारी बसवणार.

एकच राहिलं, बीडिंग परत बसवल्यावर कागदाची पट्टी अडकवून सगळीकडे ओढून बघितली, उजव्या खालच्या कोपऱ्यात ती अलगद सुटते, बाकी ठिकाणी घट्ट. जोड तिथेच आलाय. तो वर सरकवू, की सरळ कंपनीचंच बीडिंग आणू? पावसाळ्याआधी उरकायचंय.