ऑफिसच्या प्रवासात माझ्या गोल्ड स्टेटसची सीट सहकाऱ्यांनाही कशी मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलाय, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही चौघं एकाच प्रोजेक्टवर आहोत. दीड-दोन महिन्यांतून एकदा क्लायंटकडे जावं लागतं, विमानात एका बाजूचे नऊ तास. आधीच्या प्रोजेक्टमध्ये मी तीन वर्षं सतत फिरत होते, त्यामुळे या विमान कंपनीचं गोल्ड स्टेटस माझ्याकडे आहे. बाकी तिघांकडे कुठलंच स्टेटस नाही. गोल्ड असल्यामुळे तिकीट निघाल्या निघाल्या मी पुढच्या भागातली, पाय लांब करता येतील अशी सीट फुकट निवडू शकते. इतरांना तीच सीट हवी असेल तर वेगळे पैसे भरावे लागतात आणि आमची कंपनी ते देत नाही. चेक-इनला जे उरलं असेल ते त्यांच्या वाट्याला येतं, म्हणजे बहुतेक वेळा मागची, मधली सीट.

सुरुवातीला मी याचा फार विचार केला नव्हता. मागच्या खेपेला मात्र एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही.

मी १२ सी वर होते, शेजारची १२ बी रिकामी. जेवण झाल्यावर दिवे मंद झाले, मी झोपले. तीनेक तासांनी जाग आली म्हणून मागच्या टॉयलेटकडे गेले, तर तिथल्या मोकळ्या जागेत आमच्या टीममधले सगळ्यात ज्येष्ठ सहकारी भिंतीला टेकून उभे. सहा फुटांच्या वर उंची, वर्षभरापूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांची सीट ३८ ई, मधल्या रांगेत बरोबर मधोमध. समोरच्याने सीट मागे टाकली होती आणि गुडघा दुमडलेला ठेवून ठेवून इतका ठणकायला लागला होता की ते तासभर उभेच होते. उजव्या पायावर भार येऊ नये म्हणून एका हाताने कपाटाची कड धरलेली. मला बघून म्हणाले, "तू झोप गं जाऊन, उद्या सकाळी नऊला मीटिंग आहे." मीटिंग त्यांनाही होतीच की.

मी केबिन क्रूला विचारलं, यांना १२ बी वर बसवता येईल का? त्या बाईंनी नीट समजावून सांगितलं की त्या रांगेच्या सीट वेगळ्या पैशांच्या आहेत, त्या रिकाम्या असल्या तरी कुणाला देता येत नाहीत. पण तुम्ही तुमची स्वतःची सीट त्यांच्याशी बदललीत तर हरकत नाही. मग मी तेच केलं. ते नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. उरलेले तास ३८ ई वर काढले आणि तेव्हा कळलं की दर वेळी हे तिघं काय सोसून कामाला उभे राहतात.

इथपर्यंत ठीक होतं. परतीच्या वेळी मी पुन्हा त्यांनाच माझी सीट दिली. उतरल्यावर बॅगांची वाट बघत असताना आमची दुसरी सहकारी माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझीही पाठ खूप दुखते, मी कधी बोलले नाही एवढंच." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. पण मला फार वाईट वाटलं. दीड वर्ष तिच्यासोबत प्रवास करतेय आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. चौथा मुलगा टीममध्ये नवीन आहे, तो तर काही मागणारच नाही.

घरी आल्यावर स्टेटसचे नियम वाचले. माझ्यासोबत 'त्याच बुकिंगवरच्या' एका प्रवाशाला ही सीट फुकट मिळू शकते. आमचं ट्रॅव्हल डेस्क मात्र प्रत्येकाचं तिकीट वेगळं काढतं, चौघांचे चार पीएनआर. कस्टमर केअरला दोनदा फोन केला. पहिल्या वेळी सांगितलं की बुकिंगं एकमेकांना जोडून देतो, मग मिळेल. जोडली, पण सीटच्या नकाशावर पैसे दिसतच राहिले. दुसऱ्या वेळी सांगितलं की असं होतच नाही.

पुढचा प्रवास पाच आठवड्यांनी आहे, तिकिटं अजून काढलेली नाहीत. म्हणून विचारते:

वेगवेगळे पीएनआर असताना ही सवलत सोबतच्या माणसाला मिळवून देण्याचा काही मार्ग आहे का? एकत्र बुकिंग केलं तर त्यात तोटे काय? आणि सवलत एकालाच देता येत असेल तर ती कुणाला द्यायची हे तुम्ही कसं ठरवता? शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात अवघड आहे. हे स्टेटस मला ऑफिसच्याच प्रवासांतून मिळालंय, त्यामुळे ते फक्त माझं आहे असं मला मनापासून वाटत नाही. पण तीन माणसांतून एकाला निवडायचं म्हणजे उरलेल्या दोघांना 'तुमचं दुखणं कमी' असं सांगितल्यासारखं होतं.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं तिकीट बुकिंगच्या कामात आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो.

'जोडणं' आणि 'एकाच पीएनआरवर असणं' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पीएनआर म्हणजे तो सहा अक्षर-अंकांचा कोड. दोन पीएनआर जोडतात तेव्हा प्रत्येकात फक्त एक शेरा पडतो की हे प्रवासी अमुक पीएनआरवाल्यांसोबत आहेत. विमान रद्द झालं तर सगळ्यांना एकत्र दुसऱ्या विमानात घालायला तो शेरा उपयोगी पडतो. सीटचे पैसे माफ करणारी यंत्रणा मात्र तो शेरा वाचत नाही, ती एकाच पीएनआरमध्ये स्टेटसवाला नंबर आहे का एवढंच बघते. म्हणून तुम्हाला पैसे दिसत राहिले. पहिल्या फोनवरच्या माणसाने बहुधा प्रामाणिकपणेच सांगितलं असेल, पण ते चुकीचं होतं.

दुसरं म्हणजे, एक पीएनआर फोडून दोन करता येतात, पण दोन वेगळे पीएनआर नंतर एक करता येत नाहीत. त्यासाठी तिकीट रद्द करून नव्याने काढावं लागतं. तुमची तिकिटं अजून निघालेली नाहीत हे फार बरं झालं. आत्ताच ट्रॅव्हल डेस्कला सांगा.

तोटे दोन. एक भाड्याचा. समजा स्वस्त वर्गात तीनच सीट शिल्लक आहेत आणि तुम्ही चौघांचं एकत्र मागितलंत, तर सिस्टीम तिघांना स्वस्त आणि एकाला महाग असं दाखवत नाही, चौघांनाही वरच्या वर्गाचं भाडं लावते. त्यामुळे आधी चौघांचं एकत्र बघा, भाडं चढलेलं दिसलं तर दोन-दोनचं बघा. तुमच्या सवलतीत एकच सोबती बसतोय, म्हणजे दोघांचा एक पीएनआर केला तरी काम होतं. दुसरा तोटा बदलाचा. एकाला एक दिवस जास्त राहावं लागलं की त्याचं नाव वेगळं काढावं लागतं, पीएनआर फुटतो आणि सीट उडू शकते. तुमचं नाव अपग्रेडच्या यादीत असेल तर एकत्र बुकिंगवर तिचं काय होतं तेही आधी विचारून घ्या.

प्रतिसाद २

'गोल्ड' हा शब्द प्रत्येक कंपनीत वेगळा वाजतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा अनुभव जसाच्या तसा लावू नका. उदाहरणार्थ, युनायटेडमध्ये गोल्डला बुकिंगच्या वेळी स्वतःसोबत एकाच सोबत्यासाठी जादा जागेची सीट मिळते, तर त्यावरच्या प्लॅटिनमला आठ सोबत्यांपर्यंत. अमेरिकन एअरलाइन्सच्या ॲडव्हांटेज या नियमित प्रवाशांच्या योजनेतही त्याच बुकिंगवरच्या आठ सोबत्यांपर्यंत सवलत जाते. ब्रिटिश एअरवेजमध्ये सिल्व्हरला बुकिंग करतानाच फुकट सीट निवडता येते, ब्रॉन्झला निघण्याआधी सात दिवसांपासून. नियम मधूनमधून बदलतात, तिकीट काढायच्या दिवशी कंपनीच्या पानावर एकदा वाचून घ्या.

आणखी एक. तिकीट एका कंपनीचं आणि विमान भागीदार कंपनीचं असेल तर जपून. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात गोल्डचे ठरलेले फायदे म्हणजे लाउंज, जादा सामान, आधी चेक-इन आणि आधी बोर्डिंग. जास्त जागेची सीट त्या यादीत नाही. ती ज्या-त्या कंपनीची स्वतःची देणगी असते.

प्रतिसाद ३

मला इथे वेगळं म्हणायचंय. तुमचं मन मोठं आहे, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला नऊ तासांसाठी नीट सीट देणं हे तुमच्या कंपनीचं काम आहे, तुमच्या स्टेटसचं नाही. बऱ्याच ठिकाणी प्रवासाच्या धोरणात वैद्यकीय कारणासाठी अपवाद असतो. डॉक्टरांची चिठ्ठी एचआरकडे गेली की जादा जागेच्या सीटचे पैसे मंजूर होऊ शकतात. पाठीच्या दुखण्यालाही तेच लागू. मात्र तो अर्ज ज्याचा त्याने करायचा. त्यांच्या वतीने तुम्ही मॅनेजरला त्यांच्या दुखण्याबद्दल सांगू नका, ते त्यांना आवडेलच असं नाही. तुम्ही फक्त त्यांना सांगा की असा मार्ग आहे. संकोचामुळे माणसं विचारत नाहीत.

आणि स्वतःची सीट दर वेळी देऊन तुम्ही ३८ ई वर बसू नका. सकाळी नऊची मीटिंग तुम्हालाही असते.

प्रतिसाद ४

गुडघ्यासाठी सीट निवडताना एक लक्षात ठेवा. एक्झिट रोमध्ये पायाला भरपूर जागा असते, पण गरज पडली तर दार उघडायला मदत करावी लागते आणि ते जमेल असं क्रूला तोंडी सांगावं लागतं. गुडघा धड नसलेल्या माणसाला तिथे बसवू नका. सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची सीटही बघायला मोकळी वाटते, पण पाय पूर्ण लांब करायला गेलं की भिंत लागते. शिवाय ट्रे सीटच्या हातात (आर्मरेस्टमध्ये) असल्याने तो हात वर उचलता येत नाही आणि बॅग पायाशी ठेवता येत नाही. माझ्या वडिलांना गुडघ्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतली आयलची, म्हणजे चालायच्या वाटेलगतची सीट सगळ्यात बरी पडली. उजवा गुडघा दुखत असेल तर उजवा पाय आयलकडे येईल अशी बाजू घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. जोडणं आणि एकत्र असणं यातला फरक कुणी इतक्या सोप्या भाषेत सांगितला नव्हता. उजव्या पायाचं तर मला सुचलंच नसतं. १२ सी ची आयल उजवीकडे आहे, म्हणजे मागच्या वेळी नकळत योग्य बाजू मिळाली होती.

प्रतिसाद ३ वाचून दोन दिवस विचार केला. मग तिघांना चहाच्या वेळी एकत्र बसवलं आणि सगळं उघडपणे सांगितलं: माझ्याकडे काय आहे, ते किती जणांना पुरतं, कंपनीकडे वैद्यकीय अर्ज करता येतो. कुणाला काय होतंय हे मी विचारलं नाही. निवडही मी केली नाही, तुम्हीच सांगा म्हटलं. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लगेच सांगितलं की ते अर्ज करतील, त्यामुळे मला त्यांना धरायला नको. सोबतीची सीट या खेपेला पाठवालीला, पुढच्या खेपेला नव्या मुलाला असं त्या दोघांनी आपसात ठरवलं. तिने अर्जाचं बघते म्हटलंय, पण तोपर्यंत ही सीट आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद (नंतरचा)

जाऊन आलो, म्हणून पुढचं लिहिते. चौघांचं एकत्र बघितल्यावर भाडं खरंच चढलं, म्हणून ट्रॅव्हल डेस्कने दोन-दोनचे दोन पीएनआर केले. माझ्यासोबतची सीट नकाशावर शून्य रकमेने दिसली तेव्हा आम्ही दोघी स्क्रीनसमोर बसून होतो. ज्येष्ठ सहकाऱ्यांचा अर्ज नऊ दिवसांत मंजूर झाला आणि त्यांना १४ सी मिळाली.

परतीला मात्र प्रतिसाद १ मध्ये सांगितलेलंच घडलं. तिला एक दिवस जास्त थांबावं लागलं, पीएनआर फुटला आणि तिची सीट गेली. मी विमानतळावरूनच फोन लावला, मूळ बुकिंग एकत्र होतं हे सांगितलं. अर्धा तास लागला, पण सुपरवायझरने नोंदी बघून तिला आयलची सीट पुन्हा लावून दिली, १५ डी. तुमचं बुकिंग असं फुटलं तर तारीख बदलून घेताना त्याच फोनवर सीटचंही बोलून घ्या, नंतरवर टाकू नका. आम्ही ते विसरलो होतो.

काल नव्या मुलाने स्वतःहून विचारलं, "पुढच्या वेळी माझी पाळी ना?"