प्रार्थना दुसऱ्यासाठी, मन मात्र स्वतःपाशी – मदत हवी आहे

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. परवा प्रार्थनासभेत एका आजारी बहिणीसाठी मोठ्याने प्रार्थना करत होतो. शब्द छान जुळत होते, आणि मध्येच माझा एक डोळा किलकिला झाला, कोण कोण ‘आमेन’ म्हणतंय ते बघायला! घरी आल्यावर फार लाज वाटली.

बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात येशू स्वतःच्या मरणाविषयी सांगतोय आणि त्याचे शिष्य याकोब-योहान त्याच्या गौरवात उजवी-डावीकडची मानाची जागा मागतायत. त्यांना मी हसायचो, पण मीही तसाच निघालो. गलतीकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायातली ‘देहाची कर्मं’, म्हणजे पापांची यादी, वाचताना दारूबाजीवरून बिनधास्त पुढे जातो, ‘हेवा’ आला की अडखळतो. उपास करून पाहिला, तर उपासाचाच अभिमान वाटायला लागला.

ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना विचारतो: सभेत पुढे होऊन प्रार्थना करणं काही दिवस थांबवून, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे फक्त खोलीत दार लावून करावी का? की थांबणं हाही एक दिखावाच ठरेल?