शिंपल्यांची तोरणं पावसात सुटतात, काय चिकटवू?

नमस्कार मंडळी, मी मालवणची. घरी तिसऱ्या, कालवं खाल्ली की शिंपले टाकवत नाहीत. त्यांची तोरणं, आरशाच्या चौकटी, किचेन करते आणि तारकर्लीच्या पर्यटकांना विकते.

अडचण गोंदाची आहे. फेविकॉलने चिकटवलेलं मे महिन्यापर्यंत छान राहतं, पण जुलैच्या दमट हवेत शिंपले एकेक करून गळतात. मागच्या वर्षी पुण्याच्या एका ताईंनी तोरण परत पाठवलं, फार ओशाळले. एपॉक्सी दमट हवेत टिकतं का? उन्हाने पिवळं पडतं का?

दुसरं म्हणजे वास. उकळून, घासून, चार दिवस उन्हात ठेवूनही कालवांचा वास जात नाही. कुणीतरी व्हिनेगर सांगितलं, तर चकाकीच गेली! (शिंपला म्हणजे चुनाच की, आम्लात विरघळणारच. नंतर सुचलं.) पाण्यात ब्लीच किती घालायचं?

आणि मोठ्या शंखांना गिऱ्हाईक असतं, पण १९७२च्या वन्यजीव कायद्यात काही जाती संरक्षित आहेत, म्हणून मी हात लावत नाही. त्या ओळखायच्या कशा? फोटोंसकट यादी कुणाकडे असेल तर द्या ना.