टू बाय नाइन (पुढे दोन, मागे नऊ) काढून वन बाय (पुढे एकच) करतोय. घाट, चिखल आणि २० हजारांचं बजेट, नक्की काय घेऊ?

यवतेश्वर_चढ

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात असतो. हार्डटेल सायकल आहे (सस्पेंशन फक्त पुढे), २९ इंची चाकं, पुढे ३६/२२ दातांच्या दोन रिंग आणि मागे ११-३६ ची नऊची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच. बरीच वर्षं चालवून आता कॅसेटचे मधले दात टोकदार झालेत, चेनही संपलीय, उभं राहून जोर दिला की चेन उडते. तसाही पुढचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) पावसाळ्यात चिखलाने भरून बसतो, म्हणून म्हटलं नुसती कॅसेट-चेन बदलण्यापेक्षा एकदाच वन बाय करून टाकू.

वापर म्हणजे यवतेश्वर घाट चढून कासच्या बाजूला, मधल्या कच्च्या वाटा, कधी अजिंक्यतारा, आणि पावसाळ्यात बंद ठेवत नाही, उलट तेव्हाच जास्त चालवतो. माझं वजन ८४ किलो. मागच्या हबवर साधी एचजी बॉडी आहे (कॅसेट बसते तो भाग). बजेट २० हजार, मजुरी वेगळी.

आता गोंधळ असा की एक मित्र म्हणतो शिमानोचं डिओरे १२ स्पीड घे आणि कॅसेट तेवढी वरच्या एक्सटीची टाक म्हणजे वजन कमी होईल, दुसरा म्हणतो शिमानोचंच क्यूज घे, आणि दुकानदार मायक्रोशिफ्ट अ‍ॅडव्हेंट एक्स दाखवतोय, ते सगळ्यात स्वस्त पडतंय. मला किंमत, वजन, टिकाऊपणा तिन्ही पाहिजे पण तिन्ही एकत्र मिळत नाही हेही कळतंय, तर घाटात चालवणाऱ्यांनी सांगा की कशावर पाणी सोडू?

वेताळ_टेकडी

दादा, आधी ब्रँड बाजूला ठेवा आणि गिअरचा हिशोब करा, नाहीतर पैसे घालून घाटात ढकलत न्यायची वेळ येते. तुमचा आत्ताचा सगळ्यात हलका गिअर २२/३६ (पुढचे दात भागिले मागचे) म्हणजे ०.६१. पुढे ३२ ची रिंग आणि मागे ५१ घेतलंत तर ०.६३, म्हणजे आहे त्यापेक्षा किंचित जड. ३० ची रिंग घेतलीत तर ०.५९, म्हणजे किंचित हलका. यवतेश्वरच्या वळणांवर ८४ किलो घेऊन चढायचं तर मी ३० च म्हणेन.

आता दुसरं टोक. ३६/११ म्हणजे ३.२७, तिथे पायडल मिनिटाला ९० फिरवले की २९ इंची चाकावर ४० च्या आसपास वेग निघतो. ३०/११ वर तेच ३४ वर संपतं. उतारावर त्याच्या पुढे पाय रिकामे फिरणार. तुम्हाला घाट उतरताना पायडल मारायची हौस नसेल तर काही फरक पडत नाही, पण सपाट हायवेवर ग्रुपबरोबर पळवत असाल तर जाणवेल.

डिओरे १२ मध्ये मागे १०-५१ मिळतं, १० चा दात (म्हणजे १० दातांची छोटी चकती) असल्यामुळे ही अडचण कमी होते, पण ती कॅसेट एचजी बॉडीवर बसत नाही, तिला मायक्रो स्प्लाइन नावाची वेगळी बॉडी लागते. म्हणजे आधी तुमच्या हबला ती बॉडी मिळते का बघायचं, मिळाली तर तिचे पैसे, नाही मिळाली तर हब किंवा अख्खं मागचं चाकच. २० हजारांचं बजेट तिथेच फुटतं. माझ्या मते डिओरे ११ स्पीड बघा, एम५१००. ११-५१ कॅसेट, बसते तुमच्याच बॉडीवर, शिफ्टिंग छान, क्लचवाला डिरेलर (चेन ताणून धरतो). तुमच्या मित्राने ते सांगितलंच नाही बहुतेक.

हलकं_फुलकं

वजनाला इथे सगळे नावं ठेवतात म्हणून मी त्याची बाजू मांडतो. शिमानोच्या १२ स्पीडच्या १०-५१ कॅसेट्स घ्या: डिओरे ५९३ ग्रॅम, एसएलएक्स ५३४ च्या आसपास, एक्सटी ४७०, एक्सटीआर ३६७. म्हणजे डिओरेवरून एक्सटीवर गेलात की जवळजवळ सव्वाशे ग्रॅम वाचले आणि तेही मागच्या चाकावर. फुल सस्पेंशन असेल तर ते वजन सस्पेंशनच्या खाली असतं, चाक खडबडीत दगडांवर जितकं हलकं तितकं पटकन खालीवर होतं, हे मी दोन्ही लावून बघितलंय आणि मला फरक कळतो. रेस करणाऱ्याला तर कळतोच.

पण एक्सटीआर सोडून द्या, त्यात मधले पाच दाते टायटॅनियमचे, मोठे तीन अ‍ॅल्युमिनियमचे, किंमत एक्सटीच्या दुपटीपेक्षा वर. एक्सटी ही खरी बरोबर जागा आहे असं माझं मत. बाकी सगळं डिओरेचं ठेवा, डिरेलर डिओरे, चेन डिओरे, फक्त कॅसेट एक्सटी. १२ स्पीडमध्ये हे सगळं एकमेकांशी चालतं.

वर्कशॉप_नाशिक

मी सायकली दुरुस्त करतो, रोज हात याच्यातच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरच्या भावाने वजनाचे आकडे बरोबर दिलेत, पण ते ग्रॅम कमी कशाने होतात ते सांगायचं राहिलं. एक्सटीच्या कॅसेटमध्ये वरचे दोन मोठे दाते, ४५ आणि ५१, अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. एसएलएक्सला फक्त ५१ चा. आणि आपल्याकडे घाटात माणूस सगळ्यात जास्त वेळ कशावर बसतो? त्याच दोन दात्यांवर. सपाट देशातला रायडर ५१ कधीतरी टाकतो, आपला यवतेश्वर किंवा त्र्यंबकच्या बाजूच्या चढावर तासभर त्याच्यावरच असतो, वरून लाल चिखल, ज्यात बारीक खडे असतात, चेनला तो रगडत राहतो. अशा कॅसेट माझ्याकडे येतात तेव्हा १०, १२, १४ चे स्टीलचे दाते जवळजवळ नवीन आणि मोठा दाता मात्र एका बाजूने खाल्लेला, कडेला चकचकीत धार आलेली. दाता सुटा मिळत नाही, अख्खी कॅसेट बदलावी लागते. म्हणजे तुम्ही जास्त पैसे देऊन जो भाग सगळ्यात जास्त वापरता तोच सगळ्यात मऊ घेताय. हार्डटेलवर, ८४ किलो वजनावर, पावसात, हे मला अजिबात पटत नाही. सव्वाशे ग्रॅमसाठी एवढं करण्यापेक्षा बाटलीत दोन घोट पाणी कमी भरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठलाही गिअरचा सेट घेतलात तरी लागू आहे: कॅसेट चेनमुळे मरते. चेनच्या पिना आणि आतले भाग झिजले की चेन लांब होते, मग ती दात्यांच्या मुळाशी न बसता वर चढून बसते आणि दाते ओढून लांबट करते. साधी पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य धरा, १२ इंचावर बरोबर पिनचा मध्य आला पाहिजे. तो दीड मिलिमीटर पुढे गेला की चेन अर्धा टक्का लांबलीय, ११ आणि १२ स्पीडला तिथेच बदला. ९-१० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत थांबलात तरी चालतं, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास. वेळेवर चेन बदलणाऱ्याची एक कॅसेट दोन-तीन चेन आरामात खाते, न बदलणाऱ्याची पहिल्याच चेनबरोबर जाते आणि वर चेनरिंगही घेऊन जाते.

म्हणून माझा क्रम असा: पैसे आधी शिफ्टरवर (हँडलवरचा गिअरचा खटका) आणि चांगल्या केबल-आउटरवर, मग दोन चेन एकदम घेऊन ठेवण्यावर, मग क्लच असलेला डिरेलर. कॅसेट स्टीलची, जड असली तरी चालेल. वजन सगळ्यात शेवटी.

शिफ्टर का, तर बोटाला रोज तोच लागतो आणि पडला-आपटला नाही तर तो वर्षानुवर्षं जातो. डिरेलर दगडावर आपटतो, काडी अडकून फिरतो, त्याचं आयुष्य तुमच्या हातात नाही, म्हणून महागाचा डिरेलर मी कुणालाच सांगत नाही.

लाल_माती_रत्नागिरी

क्यूजबद्दल लिहितो कारण मी तेच वापरतोय आणि आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे.

क्यूज २०२३ मध्ये आलं, त्याच्या कॅसेटला लिंकग्लाइड म्हणतात, दाते जाड आणि उंच असतात. शिमानोचा स्वतःचा दावा असा की हायपरग्लाइड प्लसच्या (त्यांच्याच १२ स्पीडच्या कॅसेट) तिप्पट टिकतं. माझ्याकडे तिप्पटीचा हिशोब नाही पण दोन पावसाळे झाले, चेन बदलली, कॅसेट हात लावून बघितली तर दात्यांच्या कडा अजून चौकोनी आहेत. एचजी बॉडीवरच बसतं. ९, १०, ११ कुठलंही घेतलं तरी चेन ११ ची लागते, ती सगळीकडे मिळते आणि १२ च्या चेनपेक्षा स्वस्त पडते, कोकणात राहणाऱ्याला ही फार मोठी गोष्ट आहे.

वाईट बाजू पण सांगतो. कॅसेट जड आहे, ११-५० ची पाऊण किलोच्या आसपास. आणि गिअर बदलताना थोडा सबुरीने बदलतो, चढावर जोर लावलेला असताना ठाक करून पडत नाही, सरकत बसतो. मला ते आवडायला लागलंय कारण धक्का बसत नाही, पण १२ स्पीडची सवय असलेल्याला सुस्त वाटेल. आणि लक्षात ठेवा, शिफ्टर, डिरेलर, कॅसेट तिन्ही लिंकग्लाइडचंच पाहिजे, जुना ११ चा शिफ्टर त्याला चालत नाही कारण केबल ओढायचं माप वेगळं आहे.

डांबर_नको

अ‍ॅडव्हेंट एक्सला कुणी विचारेना म्हणून दोन ओळी. १० स्पीड, ११-४८, एचजी बॉडी, क्लच आहे आणि तो बंद-चालू करायचा खटका पण आहे. चेन कुठलीही १० ची चालते. ३० च्या रिंगवर ३०/४८ म्हणजे ०.६२ येतं, तुमच्या आत्ताच्या गिअरच्या अगदी जवळ. पैशाच्या मानाने याच्यासारखं काही नाही हे मी ठामपणे म्हणतो. फक्त शिमानोशी मिसळत नाही, आणि डिरेलर तुटला तर साताऱ्यात दुकानात लगेच मिळेलच असं नाही, मागवून चार दिवस थांबायची तयारी पाहिजे. दुसरी सायकल असेल तर काही प्रॉब्लेम नाही.

हलकं_फुलकं

वर्कशॉपवाल्या दादांचा मोठ्या दात्यांचा मुद्दा मला मान्य आहे, हार्डटेल आणि सततचा घाट असेल तर मी पण एक्सटीचा आग्रह धरणार नाही. पण "वजन सगळ्यात शेवटी" हे सरसकट नको. कोरड्या दिवसांत चालवणारा, ६० किलोचा, फुल सस्पेंशनवाला माणूस हा धागा वाचेल आणि पाऊण किलोची कॅसेट लावून बसेल, त्याच्यासाठी ती चूक आहे. आणि वजन कमी करायचंच असेल तर आधी टायर बघा, बाहेरच्या कडेचं वजन कॅसेटपेक्षा कितीतरी जास्त जाणवतं आणि टायर तसेही बदलावेच लागतात. ट्यूबलेस केलं की ट्यूबचं वजन गेलंच.

वेताळ_टेकडी

हे बरोबर. आणि माझ्या एम५१०० वर मी अजून ठाम आहे, शिफ्टिंग क्यूजपेक्षा चपळ आहे, पण पावसात एवढं चालवणार असतील तर क्यूजला मी आडवा येणार नाही.

यवतेश्वर_चढ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी दुकानात सांगितलं नव्हतं. रात्री बसून हिशोब केला. १२ स्पीड कटाप, हबच्या त्या बॉडीचा खर्चच नको. अ‍ॅडव्हेंट एक्स खूप मोहात पाडतंय पण माझी एकच सायकल आहे आणि ऑफिसलाही तीच, त्यामुळे पार्ट मागवून थांबणं जमणार नाही. क्यूज ११ स्पीड, ११-५० आणि पुढे ३० ची रिंग, म्हणजे ०.६०, आत्ताच्या २२/३६ च्या बरोबरीचंच आलं. वरचा वेग गेला तर जाऊ दे, उतारावर मी ब्रेकवरच असतो. दोन चेन एकदम घेतोय.

दोन प्रश्न राहिलेत. माझा जुना क्रँक (पायडलचा दांडा) ठेवून फक्त रिंग बदलता येईल का? आणि चेन धुवायला रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालतं का, आणि पावसात ऑइल कुठलं?

वर्कशॉप_नाशिक

क्रँकच्या चार बोल्टमधल्या समोरासमोरच्या दोन बोल्टमधलं माप बघा. १०४ मिमीचं असेल तर नॅरो-वाइड रिंग (आलटून पालटून बारीक-जाड दातांची, चेन धरून ठेवणारी) सहज मिळते, पण त्या मापात ३२ सोपी, ३० शोधावी लागते कारण बोल्ट आणि दाते जवळ येतात. दुसरं माप असेल तर त्या मापाची रिंग, नाहीतर क्रँकच बदला. रिंग स्टीलची मिळाली तर स्टीलचीच घ्या, तिथेही तोच नियम. दोन्ही रिंग काढून एकच बसवाल तेव्हा बोल्ट छोटे लागतात, ते आधीच घेऊन ठेवा नाहीतर रविवारी तिथेच काम अडतं.

डिझेल चालतं, पण चेन काढून डब्यात धुवा, सायकलवर असताना ओतू नका, हबमध्ये आणि डिस्कवर जातं, डिस्कला लागलं की ब्रेकचे पॅड गेले. धुतल्यावर जुन्या बनियनने पुसून पूर्ण सुकू द्या आणि मगच ऑइल. पावसात वेट ल्यूब, प्रत्येक जोडाच्या रोलरवर एक थेंब, पायडल उलटे फिरवा, पंधरा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं पुसून काढा. बाहेर राहिलेलं ऑइल माती धरतं, काम आतलंच करतं. गाडीचं इंजिन ऑइल घालू नका, एका राइडमध्ये चेन काळी पेस्ट होते. ऑक्टोबरनंतर ड्राय ल्यूब किंवा मेण, मेण पावसात लवकर धुतलं जातं म्हणून आत्ता नको.

चेन कापायच्या आधी मागच्या मोठ्या दात्यावरून आणि पुढच्या रिंगवरून फिरवून बघा, मग त्या डिरेलरच्या माहितीपत्रकात जेवढे जोड जास्त ठेवायला सांगितलेत तेवढे ठेवून कापा. जुन्या चेनचे जोड मोजून कापू नका, ५० च्या दात्याला ती नक्की कमी पडेल. आणि डिरेलर लावण्याआधी हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) सरळ आहे का ते गेज लावून तपासायला सांगा, तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर पण आत्ताच मागवून बॅगेत टाका.

लाल_माती_रत्नागिरी

हँगरचं अगदी खरं. फ्रेमप्रमाणे आकार वेगळा असतो, जुन्या मॉडेलचा नंतर शोधून मिळत नाही. शिवाय क्यूजचा क्लच पावसाळ्यात चालूच ठेवा, फक्त मागचं चाक काढताना बंद करा, चाक काढायला सोपं जातं.

यवतेश्वर_चढ

बोल्टमधलं माप घेतलं, १०४ भरलं. ३० ची स्टील रिंग मिळते का ते पुण्यात दोन ठिकाणी विचारतो, नाही मिळाली तर ३२ लावून एकदा घाट चढून बघतो आणि इथे लिहितो.