पालखेडच्या धर्तीवर नुसत्या घोडदळाची फौज: यादी कशी बांधावी?

मुठाकाठचा

ब्लॅक पावडर या टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायच्या युद्धखेळाच्या नियमांवर बाजीराव पेशव्यांची १७२८ची फौज उभी करतोय, १५ मिलिमीटर उंचीच्या मूर्तींमध्ये. अट एकच: तोफ नाही, पायदळ नाही. समोर आमच्या कोथरूडच्या गटातला मित्र निजामाची फौज घेऊन उभा राहणार आणि तो तोफखाना भरपूर आणणार आहे.

सध्याची यादी अशी. बाजीराव स्वतः सेनापती, त्यांच्या हाताखाली तीन ब्रिगेड: मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आणि पेशव्यांची स्वतःची पागा, म्हणजे सरकारी घोड्यांवरचं घोडदळ. प्रत्येकात चार पथकं, सगळे भालाईत. प्रत्येक पथकाला ठरलेले गुण असतात, त्या हिशेबात बसतंय. पण टेबलावर मांडून बघितलं की तोफांच्या तोंडावर दौडत जायचं आणि निम्मी पथकं पोचायच्या आतच मोडायची, असंच दिसतं. थोड्या तोफा घ्याव्यात का? मन तयार होत नाही, कारण मग ती बाजीरावांची फौज राहणार नाही.

शिवाय बारगीर आणि शिलेदार वेगळे कसे दाखवायचे? पगड्यांचं काय करायचं?

रविवारपेठी

तोफा हव्यात तर साल बदला. पानिपत घ्या. इब्राहिमखानाच्या गारदी (कवायती पायदळाच्या) पलटणी आणि तोफा डाव्या बगलेला, शिंदे-होळकरांचं घोडदळ उजवीकडे, मध्ये सदाशिवरावभाऊंची हुजुरात, म्हणजे त्यांची खास फौज. यादी समतोल होते आणि खेळायला मजाही येते. नुसतं घोडदळ या नियमांत शेवटपर्यंत टिकत नाही, असं माझं मत.

नालबंद

साल अजिबात बदलू नका. तुमची अट योग्य आहे, बदलायला हवं ते टेबल.

पालखेडला समोरासमोर मोठी लढाई झालीच नाही. कोल्हापूरच्या संभाजीराजांना बरोबर घेऊन निजाम पुण्यापर्यंत आला, तेव्हा बाजीराव त्याला अडवायला थांबले नाहीत. जालना, खानदेश, गुजरात असे त्याच्याच मुलखात आणि त्याच्याही पलीकडे फिरत राहिले. शेवटी निजामाला पुणं सोडून मागे यावं लागलं. फेब्रुवारीत वैजापूरजवळ पालखेडला त्याचं दाणापाणी तोडलं आणि ६ मार्च १७२८ला मुंगी-शेवगावला तह झाला. या फौजेला तोफांच्या रांगेसमोर उभं केलंत तर ती हरणारच. खुद्द बाजीरावांनीही तिला तसं उभं केलं नव्हतं.

म्हणून निजामाला टेबलाच्या लांबीच्या दिशेनं चालत येऊ दे. वाटेत दोन विहिरी, एक नाला आणि त्याला धान्य पुरवणारा बंजाऱ्यांचा एक तांडा ठेवा. चौथ्या फेरीपासून त्याचं जे पथक पाण्यापासून १२ इंचांच्या आत नसेल, त्याला रॅली, म्हणजे विस्कटल्यावर पुन्हा सावरणं, करता येणार नाही. तोफा बैलांच्या, त्यांना फेरीत ६ इंचच द्या. आता त्याला ठरवावं लागेल की तोफांसाठी थांबायचं की पाणी गाठायचं. खरा खेळ तिथे सुरू होतो.

आता यादी. बारा पथकं एकाच साच्यातली नकोत. भालाईतांवर घातलेले गुण काढा आणि सरदारांवर घाला, या फौजेचा जीव तिथेच आहे. सरदाराचं मानांकन (हुकूम पाळून घेण्याची ताकद) नऊ असेल तर दोन फाशांवर सहा किंवा कमी पडलं की तीन चाली मिळतात. घोडदळाची चाल १८ इंच, म्हणजे एका फेरीत ५४ इंच! नवावर हे ३६ पैकी १५ वेळा जमतं, आठावर फक्त १० वेळा. होळकरांना नऊ द्याच. त्यांची पथकं लहान, हलकी आणि मरॉडर नियमाची ठेवा, म्हणजे सरदार लांब असला तरी दर १२ इंचांना मानांकनातून एक वजा होणार नाही. हलकं घोडदळ हल्ला आला की निसटू शकतं, ते अवश्य वापरा. शिंद्यांकडेही तसंच, फक्त एक पथक मोठं. जड भालाईत एकट्या पागेत, दोनच पथकं, तीही नेहमीच्या आकारापेक्षा मोठी. ती शेवटपर्यंत राखून ठेवायची.

बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारचं, शिलेदाराचं सगळं स्वतःचं. म्हणून बारगिरांचे खोगीर आणि झूल एका रंगात रंगवा, शिलेदारांचे प्रत्येकाचे निराळे. शिवकाळात दर पंचवीस बारगिरांमागे घोड्यांना नाल ठोकणारा एक नालबंद आणि पाणी वाहणारा एक पखालजी असायचा. पागेच्या एका बेसवर (मूर्ती चिकटवायच्या पट्टीवर) पखाल, म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, घेतलेला माणूस बसवा, पाण्याच्या या खेळात तो शोभेल.

पगड्या एम-सीलनं करता येतात, मुघल घोडेस्वारांच्या मूर्तींच्या डोक्यावर पातळ दोरा गुंडाळल्यासारख्या. पुणेरी पगडी मात्र करू नका, ती एकोणिसाव्या शतकातली. आणि प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) स्प्रे पावसाळा संपेपर्यंत मारू नका, आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते.

भीमथडी

नालबंद दादांशी सहमत. दोन गोष्टी घालते. घोडे थोराड अरबी दिसू देऊ नका. भीमथडी घोडा बुटका, सडपातळ आणि चिवट. १५ मिलिमीटरमध्ये लहान तट्टूंच्या मूर्ती मिळाल्या तर त्याच घ्या. आणि हिरवी चटई नको! फेब्रुवारीतलं वैजापूर म्हणजे काळी जमीन, वाळलेलं गवत आणि शाळूची शेतं. वापरलेली चहापत्ती वाळवून चिकटवली की जमीन हुबेहूब दिसते. विहिरींना चिकणमाती, दिवाळीत किल्ल्याला वापरतो तीच.

मुठाकाठचा

मनापासून धन्यवाद. होळकरांची पाच लहान पथकं केली, शिंद्यांची चार, पागा दोनच मोठी. मित्राला पाण्याचा नियम सांगितला तर तो म्हणाला, मग मला घोडदळ वाढवून दे. द्यावं का?

नालबंद

अवश्य द्या. निजामाकडे घोडदळ चांगलंच होतं. फक्त ते विहिरीकडे गेलं की तोफा उघड्या पडल्या पाहिजेत, तेवढं अंतर राखून विहिरी मांडा. नाला तिसऱ्या टोकाला.